आधी ऐकू द्या, नाव नंतर सांगा: गीतांमधून अलंकार शिकवणाऱ्या एका संचाचे परीक्षण

अलंकार शिकवण्याची आपली रूढ पद्धत अशी आहे की, आधी व्याख्या सांगायची, मग एक ठरलेले उदाहरण फळ्यावर लिहायचे आणि शेवटी पाच ओळी देऊन 'अलंकार ओळखा' असे म्हणायचे. या पद्धतीत विद्यार्थी लवकरच एक युक्ती शिकतो. ओळीत 'सम', 'परी' किंवा 'प्रमाणे' दिसले की उपमा लिहायची, 'जणू' किंवा 'भासे' दिसले की उत्प्रेक्षा लिहायची. त्याला गुण मिळतात, परंतु कवीने तसे का म्हटले या प्रश्नापर्यंत तो पोहोचतच नाही. मीही अनेक वर्षे याच मार्गाने शिकवत आलो आणि त्याबद्दलचे असमाधान मनात होतेच. म्हणून गीते आणि शब्दखेळ यांच्या आधारे अलंकार शिकवणारा एक संच हाती आला, तेव्हा तो आठवीच्या आणि नववीच्या वर्गात एक पूर्ण सत्र वापरून पाहायचे ठरवले. पुढील परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. संचाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तो काही शिक्षकांनी मिळून स्वतःच्या कष्टाने तयार केलेला आहे आणि मला त्याचे दोषही मोकळेपणाने सांगायचे आहेत.

संचात बारा ध्वनिमुद्रित गीते, त्यांचे छापील शब्द, कार्डांची एक पेटी, शिक्षकासाठी पुस्तिका आणि मूल्यमापनाची पत्रके आहेत. गीते प्रसिद्ध नाहीत. ती याच कामासाठी नव्याने लिहिलेली आहेत. सुरुवातीला मला हे उणे वाटले होते, कारण मुलांच्या ओठांवर असलेली गाणी घेतली तर ती लगेच रमतील असा माझा समज होता. आता माझे मत बदलले आहे. ओळखीच्या गाण्याचे शब्द आपण इतक्या वेळा ऐकलेले असतात की त्यांच्याकडे लक्ष जाणेच थांबते, आणि चालीच्या गोडीत अर्थ विरघळून जातो. अनोळखी गीत ऐकताना मूल कान देऊन ऐकते, कारण पुढची ओळ काय येणार हे त्याला माहीत नसते.

संचातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे 'एक चाल, सात ओळी' हा उपक्रम. एका गीतात दूर गेलेल्या माणसाला रात्री ओळखीचा आवाज ऐकू येतो, आणि त्या आवाजाचे वर्णन सात वेगवेगळ्या ओळींत केलेले आहे. प्रत्येक ओळ अष्टाक्षरी आहे, त्यामुळे सातही ओळी एकाच चालीवर बसतात. 'पहाटेपरी आवाज' ही उपमा. 'आवाज जणू पहाट' ही उत्प्रेक्षा. 'तिचा आवाज पहाट' हे रूपक. 'आवाज नव्हे, पहाट' ही अपन्हुती. 'पहाटेहून कोवळा' हा व्यतिरेक. 'आवाजापरी आवाज' हा अनन्वय. आणि तो आवाज ऐकून उजाडलेच असे समजून 'पाखरे उठली सारी' हा भ्रांतिमान. पुस्तिकेत शिक्षकाला स्पष्ट सूचना आहे की, पहिल्या तासाला यांपैकी एकाही अलंकाराचे नाव उच्चारायचे नाही. मुलांना फक्त ओळी गाऊ द्यायच्या आणि कोणत्या ओळीत आवाज पहाटेच्या किती जवळ गेला एवढेच विचारायचे.

ही सूचना मी पाळली आणि तिचे फळ पहिल्याच तासात दिसले. चाल तीच, अक्षरे तितकीच, आवाज आणि पहाट हे दोन घटकही तेच. बदलते ते फक्त त्या दोघांमधले नाते. बाकी सारे स्थिर असल्यामुळे तो बदल मुलांना ऐकू आला. एका मुलीने सांगितले की, पहिल्या ओळीत आवाज आणि पहाट शेजारी उभे आहेत, तिसऱ्या ओळीत ते एकमेकांत मिसळले आहेत आणि चौथ्या ओळीत तर आवाज नाहीसाच झाला आहे. उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते, इथे आवाज) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते, इथे पहाट) यांच्यातील भेद, अभेद आणि उपमेयाचा निषेध या तिन्ही गोष्टी तिने व्याख्या न वाचता सांगितल्या होत्या. दुसऱ्या तासाला मी संज्ञा सांगितल्या, तेव्हा त्या तिच्या म्हणण्यावर सहज जाऊन बसल्या. नाव नंतर आले की ते अनुभवाला मिळते. आधी आले की मूल नाव पाठ करते आणि अनुभव शोधायचे सोडून देते, असे मला या सत्रात पुन्हापुन्हा जाणवले.

याच ओळींवर पुढे जे काम झाले त्याचे श्रेय मात्र मी संचाला देऊ शकत नाही. पूर्ण उपमेला चार अंगे असतात: उपमेय, उपमान, दोघांमधील साधारण धर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. 'पहाटेपरी आवाज' या ओळीत साधारण धर्म सांगितलेलाच नाही, म्हणजे ही लुप्तोपमा झाली. पहाट आणि आवाज यांच्यात सारखे काय, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे आहे. मी वर्गाला विचारले, तेव्हा कोवळा, गार, हळूहळू मोठा होणारा, झोप मोडणारा, अंधार संपवणारा अशी उत्तरे आली. झोप मोडणारा हे उत्तर देणाऱ्या मुलाला पहाट मुळीच आवडत नव्हती, त्यामुळे त्याच्या वाचनात सगळे गीतच तक्रारीचे झाले आणि त्यावर वर्गात बराच वेळ गंभीर चर्चा झाली. संचाच्या उत्तरपत्रिकेत मात्र साधारण धर्म म्हणून एकच शब्द छापलेला आहे: शांतता. जी जागा कवीने रिकामी ठेवली ती उत्तरपत्रिकेने भरून टाकली. इतका सुंदर उपक्रम रचणाऱ्यांनी हे करावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

शब्दखेळांची कार्डे हा दुसरा समृद्ध भाग आहे. प्रत्येक कार्डावर एक ओळ आणि खाली एकच सूचना आहे: 'एक शब्द बदलून पाहा.' उदाहरणार्थ, एका कार्डावर 'पान गळाले, गोष्ट अर्धी राहिली' अशी ओळ आहे. पानाच्या जागी पर्ण ठेवले की झाड उरते, पण गोष्ट तुटते. पृष्ठ ठेवले की गोष्ट उरते, पण गळण्यातला सहजपणा जातो. दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे राहतील असा तिसरा शब्द मुलांनी पुष्कळ शोधला आणि तो सापडला नाही. हा शब्द इथून हलवता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या प्रयत्नाने कळले. ही कसोटी संचकर्त्यांची नवी कल्पना नाही. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करताना हीच कसोटी लावली होती: शब्दाच्या जागी समानार्थी शब्द ठेवल्यावर सौंदर्य नष्ट झाले तर ते शब्दाचे होते, टिकले तर ते अर्थाचे होते. नऊशे वर्षांहून जुना हा विचार तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती एका ओळीच्या सूचनेतून देता येतो, हे पाहून मला आनंद झाला. पुस्तिकेत मात्र मम्मटाचा उल्लेखही नाही, आणि शिक्षकाला आपण कोणत्या परंपरेत उभे आहोत हे कळायला हवे होते असे मला वाटते.

याच कार्डांमध्ये 'नाव बुडे, नाव उरे' अशी एक ओळ आहे. संचात ती श्लेषाखाली घातली आहे, आणि ही चूक आहे. श्लेषात शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो. इथे 'नाव' हा शब्द दोनदा आला आहे, एकदा होडी म्हणून आणि एकदा कीर्ती म्हणून, त्यामुळे संस्कृत काव्यशास्त्राच्या दृष्टीने हे यमक ठरते. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत, आणि त्यातील यमक म्हणजे तोच अक्षरसमूह पुन्हा येणे. पुढच्या शास्त्रकारांनी त्याला अशी अट जोडली की, पुन्हा आलेला समूह सार्थ असेल तर त्याचा अर्थ वेगळा हवा. शालेय मराठीत यमक म्हटले की आपल्याला फक्त चरणाच्या शेवटी जुळणारी अक्षरे आठवतात, आणि संचातील यमकाचा भागही तेवढ्यावरच थांबतो. त्यामुळे शब्दखेळाचे एक अख्खे दालन बंद राहिले आहे. मी ते कार्ड यमकाच्या तासाला नेले आणि मुलांना सांगितले की, दोनदा आलेला शब्द दोन अर्थांनी वापरून दाखवा. मग त्यांना हेही विचारले की, तोच शब्द एकदाच वापरून दोन्ही अर्थ ठेवता येतील का. कळ या शब्दावर काम करणाऱ्या मुलाने आधी 'कळ दाबे, कळ येई' असे लिहिले, आणि दोन दिवसांनी एक वाक्य आणून दाखवले: 'भावाने गाडीची कळ काढली आणि माझीही.' यमकापासून श्लेषापर्यंतचा प्रवास त्याने एकट्याने केला होता. माझ्या सबंध सत्रातील हा सर्वांत समाधानाचा क्षण होता.

गीताचा उपयोग केवळ मुले रमावीत म्हणून आहे की शिकवण्याच्या दृष्टीने तो आवश्यक आहे, अशी शंका काही सहकाऱ्यांनी व्यक्त केली होती. तिचे उत्तर मला सातव्या गीतात मिळाले. त्यात ओळी आहेत: 'सांग आता कामना ही, ओढ लागे सावल्यांची.' हीच ओळ 'सांग आता का मना ही, ओढ लागे सावल्यांची' अशीही ऐकू येते; पहिल्यात आपली इच्छा सांगितली जाते, दुसऱ्यात मनालाच प्रश्न विचारला जातो. शब्दाचे तुकडे केल्याने दुसरा अर्थ निघतो, म्हणून हा सभंग श्लेष. व्याकरणाच्या पुस्तकांत नल-दमयंतीच्या आख्यानातील 'औषध न लगे मजला' हे याचे कायमचे उदाहरण असते आणि 'नल गे' असा तुकडा पाडून ते समजावले जाते. परंतु कागदावर लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडावीच लागते, आणि ती जागा सोडताच खेळ उघडा पडतो. बोलतानाही 'कामना' या शब्दातील 'म' आपण पूर्ण उच्चारत नाही, त्यातील अकार गळतो, त्यामुळे 'का मना' वेगळेच ऐकू येते. गाताना मात्र प्रत्येक अक्षराला आपली मात्रा मिळते, तो अकार परत येतो आणि दोन्ही पाठ कानाला एक होतात. गायकाने श्वास 'का'नंतर घेतला की प्रश्न, 'ही'नंतर घेतला की निवेदन. हा श्लेष गाण्यातच जगतो. मुलांनी ती ओळ दोन्ही प्रकारे गायली, आणि ज्याला एरवी व्याकरणाचा कंटाळा आहे अशा एका विद्यार्थ्याने मला विचारले की, लिहिताना अकार पूर्ण आणि बोलताना नाही, असे का. त्या प्रश्नावर एक वेगळा तास झाला.

या गीताची ध्वनिफीत ऐकवताना मात्र अडचण आली, आणि ती कमी-अधिक प्रमाणात सगळ्याच गीतांची आहे. वाद्यमेळ फार दाट आहे. अनुप्रासाच्या गीतात 'ळ' आणि 'ल' यांची जी गुंफण आहे तिच्यावर तालवाद्य इतके मोठे वाजते की शेवटच्या बाकावर ती पोहोचतच नाही. ज्या संचाचा सगळा भर कानावर आहे त्यात केवळ आवाजातील, वाद्यांशिवायची एक ध्वनिफीत प्रत्येक गीतासाठी असायलाच हवी होती. मी शेवटी बहुतेक गीते स्वतः गाऊन दाखवली. माझा गळा साधारण आहे, तरी शब्द ऐकू गेले.

ध्रुवपदाचा उपक्रम मला विशेष आवडला, कारण तो एकट्या ओळीवर थांबत नाही. नवव्या गीताचे ध्रुवपद 'दार उघडे ठेव ना' असे आहे. पहिल्या कडव्यात बाहेर पाऊस आहे आणि कोणीतरी भिजत येणार आहे, म्हणून दार हे लाकडाचे दार आहे. दुसऱ्या कडव्यात दोन मैत्रिणींमधील अबोला येतो, आणि त्यानंतर तीच ओळ ऐकताना दाराचा अर्थ बदलतो. तिसऱ्या कडव्यात घरात वाट पाहणारे कोणी उरलेलेच नाही. मुलांनी प्रत्येक कडव्यानंतर 'दार म्हणजे काय' याचे उत्तर एका वाक्यात लिहायचे असते. शब्द अक्षरशः तेच राहतात आणि भोवतालच्या मजकुरामुळे त्यांचा अर्थ सरकतो. पुन्हा येणारी ओळ ही गीताचीच ताकद असल्याने हे दाखवायला गीतासारखे दुसरे साधन नाही. पुस्तिकेत याच ठिकाणी लक्षणेच्या, म्हणजे मूळ अर्थ सोडून शब्दाचा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याच्या, तीन अटी सोप्या प्रश्नांच्या रूपात दिल्या आहेत, आणि त्या अचूक आहेत. शब्दाचा मूळ अर्थ इथे अडतो का? नवा अर्थ मूळ अर्थाशी कोणत्या नात्याने जोडलेला आहे? आणि सरळ न सांगता असे का सांगितले, ती भाषेची रूढी आहे की त्यामागे काही हेतू आहे? 'घर डोक्यावर घेणे' हा वाक्प्रचार या तीन प्रश्नांतून नेला की तिसऱ्याचे उत्तर रूढी असे येते; दाराचे उत्तर हेतू असे येते. वाक्प्रचार आणि कवीची स्वतःची प्रतिमा यांतील फरक मुलांना यापेक्षा चांगल्या रीतीने समजावता येईल असे मला वाटत नाही.

त्याला जोडून रोजच्या बोलण्यातील झिजलेली रूपके गोळा करण्याचे एक छोटे काम आहे. बाटलीचे तोंड, कपाचा कान, वेळ वाचवणे, वेळ वाया घालवणे अशी यादी मुलांनी आणली. भाषेतील रूपक हे केवळ काव्याचे भूषण नसून आपल्या विचार करण्याचाच एक मार्ग आहे, असे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडले. ते वर्गात नावानिशी सांगण्याची गरज नाही, पण यादीतून तेच दिसते. हा भाग संचात अर्ध्या पानात उरकला आहे.

आता मूल्यमापनाच्या पत्रकांविषयी. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. सत्रभर ऐकणे, बदलणे आणि विचारणे यांवर उभा असलेला हा संच शेवटी पुन्हा 'अलंकार ओळखा' या प्रश्नावर येतो आणि प्रत्येक ओळीसाठी एकच उत्तर मान्य करतो. चौथ्या गीतात 'मला वाटे परत जावे' अशी साधी इच्छा व्यक्त करणारी ओळ आहे. तिथे 'वाटे' हे फक्त क्रियापद आहे, तरी माझ्या वर्गातील कित्येकांनी खुणेचा शब्द दिसला म्हणून उत्प्रेक्षा लिहिली. पत्रकाने त्यांना पुन्हा जुन्या सवयीत ढकलले. दुसरीकडे, ज्या ओळीत अनुप्रास आणि रूपक दोन्ही उघड आहेत तिथे उत्तरपत्रिका फक्त रूपक मानते. आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. एकाच रचनेतील अलंकार तीळ आणि तांदूळ यांच्यासारखे एकत्र असूनही वेगळे दिसत असतील तर ती संसृष्टी, आणि दूध-पाण्यासारखे मिसळले असतील तर तो संकर. या दोन संज्ञा मुलांना सांगाव्यात असा माझा आग्रह नाही, पण दोन उत्तरे देणाऱ्या मुलाचे गुण कापले जाऊ नयेत, हा आग्रह नक्कीच आहे. मी पत्रके बाजूला ठेवली आणि त्याऐवजी एकच प्रश्न दिला: या ओळीतील गोष्ट साध्या शब्दांत लिहा आणि तसे केल्याने काय गमावले ते सांगा. तपासायला वेळ जास्त लागला, परंतु उत्तरे वाचण्यासारखी होती.

ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते अशा विद्यार्थ्यांचा विचार संचात केलेला दिसत नाही. त्यांना रूपके अडत नाहीत. पहाट सर्वांनाच ठाऊक असते, आणि त्यांपैकी दोघांनी आपल्या घरच्या भाषेतील रूपके मराठीत आणून वर्गाला दिली. श्लेष मात्र अडतो, कारण एका भाषेत एका शब्दात राहणारे दोन अर्थ दुसऱ्या भाषेत दोन घरांत राहतात. अशा मुलांना श्लेषाच्या कार्डांबरोबर दोन्ही अर्थांची चित्रे दिली तर ती बरोबरीने खेळू शकतात. मी पान, नाव, कळ, तार, घाट, वर आणि हार या शब्दांची चित्रे मुलांकडूनच काढून घेतली आणि ती आता पेटीत ठेवली आहेत.

हा संच घ्यावा का, असे मला विचारले तर माझे उत्तर हो असे आहे, परंतु ज्या शिक्षकाकडे अलंकारांसाठी दोनच तास आहेत त्याला तो उपयोगी पडणार नाही. सात ओळींच्या गीतालाच तीन तास लागतात आणि ते लागू द्यावेत. बारापैकी तीन गीते सामान्य आहेत. त्यांत अलंकार दाखवण्यासाठी ओळी ओढूनताणून रचल्या आहेत आणि मुलांच्याही ते लक्षात आले. उरलेली नऊ गीते पुन्हापुन्हा वापरण्याच्या योग्यतेची आहेत. वाद्यांशिवायच्या ध्वनिफिती, यमकाच्या भागाची दुरुस्ती आणि एकाहून अधिक उत्तरे मानणारी पत्रके यांविषयी मी संचकर्त्यांना सविस्तर लिहिले आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांनी साधारण धर्मासाठी दिलेल्या उत्तरांची संपूर्ण यादीही सोबत पाठवली आहे. झोप मोडणारा हे उत्तर त्या यादीत सर्वांत वर आहे.